अंगणवाडीतला खोकला आणि आईचा खाडा

पावसाळा स्थिरावला, शेतांतून खुरपणीचे दिवस सुरू झाले, की बालाघाटच्या पठारावरील भूम तालुक्यात, आणि खरे तर महाराष्ट्राच्या कोणत्याही कोरडवाहू तालुक्यात, अंगणवाडीच्या हजेरीपटावर एक नित्याचा खेळ सुरू होतो. आज दोन मुले गैरहजर, परवा पाच. आठवडा उलटतो, पहिली दोन परत येतात. नाक अजून वाहतच असते, खोकला पुरता गेलेला नसतो, आणि तोवर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या तिघांनी अंथरूण धरलेले असते. गावाला यात काही विशेष वाटत नाही. लेकराला पडसे व्हायचेच, आणि औषध घेतले तर ते सात दिवसांत जाते व न घेतले तर आठवड्याने जाते, हे शहाणपण घरोघर आहे. ते बहुतांशी खरेही आहे. परंतु या ‘बहुतांशी’ शब्दातून जे निसटते त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत मांडलेला नसतो. किती आयांची मजुरी बुडाली, किती घरांत थोरल्याचा खोकला पाळण्यातल्या धाकट्याच्या छातीत उतरला, किती वेळा बार्शीच्या दवाखान्याची वाट धरावी लागली, हे सांगणारा रकाना ना आरोग्य खात्याच्या तक्त्यात आहे, ना महिला व बालविकास खात्याच्या.

खाती दोन आहेत, खोकणारे मूल एकच आहे. आरोग्य खात्याच्या दृष्टीने ते रुग्ण झाले तरच दखलपात्र. बालविकास खात्याच्या दृष्टीने ते हजर असले तरच लाभार्थी. आजारीही आहे आणि घरीही ठेवता येत नाही, अशा अवस्थेतील मुलाला शासकीय परिभाषेत नावच नाही. वस्तुतः सामूहिक बालसंगोपनाचा सारा अर्थव्यवहार नेमका या अवस्थेत अडकलेला आहे.

प्रथम या आजारांविषयी थोडे. ‘सर्दी-खोकला’ या जोडनावाखाली विषाणूंचे एक मोठे गणगोत नांदते. ऱ्हायनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडेनोव्हायरस, करोनाकुलातील जुने आणि नवे सदस्य, आणि लहान मुलांच्या दृष्टीने सर्वांत कठीण असा रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस, ज्याला डॉक्टरमंडळी ‘आरएसव्ही’ म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘एचएमपीव्ही’ नावाच्या विषाणूने वृत्तपत्रांचे मथळे व्यापले आणि पालकांची झोप उडवली. हा विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता, आणि भारतातील मुलांत तो असल्याची पहिली नोंद २००४ मध्ये पुण्याहूनच प्रसिद्ध झाली होती. जो पाहुणा निदान वीस वर्षे ओसरीवर बसून आहे, त्याला नवा दरोडेखोर समजून आरडाओरड करायची आणि आठ दिवसांनी विसरून जायचे, ही आपली सार्वजनिक आरोग्याची पद्धत होऊन बसली आहे.

मुले एकत्र आली की हे विषाणू पसरणार, याविषयी विज्ञानाला पन्नास वर्षांपासून संदेह नाही. अमेरिकेतील चॅपेल हिल येथील एका संशोधन-पाळणाघरात डॉक्टरांनी वर्षानुवर्षे मुलांच्या नाकातील स्राव तपासले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तेथील मुलाला वर्षाकाठी सरासरी ८.४ वेळा श्वसनाचा आजार होत असे. पुढे १९७९ मध्ये त्याच केंद्रातून आरएसव्हीविषयी जी आकडेवारी आली ती अधिक बोलकी आहे: या विषाणूशी ज्या मुलांची प्रथमच गाठ पडली त्यांच्यापैकी ९८ टक्के मुलांना त्याची लागण झाली. ही आकडेवारी स्वच्छ, सुसज्ज, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील पाळणाघराची आहे. तेव्हा ‘आई गबाळी, सेविका निष्काळजी, म्हणून पोर आजारी’ हा जो निवाडा गावातल्या पारावर आणि तालुक्याच्या कचेरीत सारख्याच सहजतेने दिला जातो, तो बाद समजावा. ९८ टक्के ही कोणाच्या गबाळेपणाची टक्केवारी असू शकत नाही.

येथे एक प्रतिवाद संभवतो आणि तो विचारार्ह आहे. लहानपणी आजार झाले तर बिघडले कुठे? शरीर त्यातूनच तयार होते. अमेरिकेतच अ‍ॅरिझोनातील टुसॉन येथे मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात असे आढळले, की मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी अधिक झाली, पण शालेय वयात ती कमी झाली; तेराव्या वर्षापर्यंत हा फरक मिटला. म्हणजे आजार टळत नाहीत, त्यांचे हप्ते अगोदर भरले जातात इतकेच. करोनाकाळात याचीच उलटी बाजू दिसली. मार्च २०२० नंतर शाळा, पाळणाघरे, अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या. तेव्हा आरएसव्हीही जणू नाहीसा झाला होता, आणि निर्बंध सैल होताच २०२१ मध्ये अमेरिकेत तो ऐन उन्हाळ्यात, म्हणजे आपला नेहमीचा हंगाम सोडून, उसळून वर आला. तेव्हा अंगणवाडी बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

तथापि टुसॉनचे मूल आणि भूमचे मूल यांना एकाच तागडीत घालता येत नाही. हप्ता अगोदर भरायचा तर गाठीला काही असावे लागते. आरएसव्हीमुळे २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला; त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. विषाणू तोच आहे. फरक आहे तो वजनाचा, हवेचा, अंतराचा आणि पैशाचा. कुपोषण व संसर्ग एकमेकांना कसे पोसतात हे स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये मांडले. त्यानंतर सात वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, आपली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, ती याच विचाराच्या पायावर. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकाच छपराखाली आणण्याची ती कल्पना होती. कल्पना उत्तम होती. छपराचा विचार तेवढा राहून गेला.

अंगणवाडी या शब्दाचाच इतिहास पाहण्यासारखा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. चार भिंती नसणे ही त्या प्रयोगाची अडचण नव्हती. तेच त्याचे मर्म होते. झाडाखाली, सारवलेल्या अंगणात, उघड्या हवेत मुले जमत. त्या दोघींपुढे विषाणूशास्त्र नव्हते, पुढे होते ते गरिबीचे आणि बालमानसाचे शास्त्र. पण आज हवेतून पसरणाऱ्या आजारांविषयी जे कळले आहे ते नेमके त्याच अंगणाकडे बोट दाखवते. इन्फ्लुएन्झा, गोवर, करोना यांचे सूक्ष्म कण बंद खोलीत साचतात आणि मोकळ्या हवेत विरतात.

योजना वाढली, इमारती आल्या, भाड्याच्या खोल्या आल्या, समाजमंदिराचा कोपरा आला, आणि अंगणवाडीतले अंगण हळूहळू गेले. केंद्रासाठी किमान ६०० चौरस फूट जागा असावी, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, कोठीघर, स्वच्छतागृह आणि खेळायला जागा असावी, असे मार्गदर्शक निकष सांगतात. गावोगाव जी खोली प्रत्यक्षात आहे तिच्यात एका बाजूला धान्याची पोती, दुसऱ्या बाजूला खिचडीची चूल किंवा शेगडी, मधे वजनकाटा आणि उरलेल्या जागेत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मुले, असे दृश्य अपवादाचे नाही. पाऊस आला की वाऱ्याच्या दिशेची खिडकी लावली जाते. ती एकच असेल तर खोली कोंडते. भूम परिसरात याला आणखी एक पदर आहे. हा तालुका खव्याचा. कुंथलगिरीच्या पेढ्याची ख्याती ज्या खव्यावर उभी आहे तो खवा लाकडाच्या भट्ट्यांवर तासन् तास आटवला जातो. भट्टीजवळच घर असेल, आणि घरातही चूलच पेटत असेल, तर मुलाच्या श्वासनलिका विषाणू येण्यापूर्वीच धुराने सुजलेल्या असतात. धूर आणि बालकांचा न्यूमोनिया यांचा संबंध जगभरच्या संशोधनाने प्रस्थापित केला आहे. सौर किंवा अन्य निर्धूर इंधनावर खवा करण्याचे प्रयत्न या भागात झाले आहेत. त्यांच्याकडे केवळ जंगल वाचवण्याच्या दृष्टीने न पाहता बालआरोग्याचा खर्च म्हणूनही पाहावयास हवे.

मात्र केवळ खिडकीने भागणार नाही. आरएसव्हीची चाल थोडी निराळी आहे. अमेरिकेत रॉचेस्टर येथे डॉ. कॅरोलिन हॉल यांनी १९८१ मध्ये एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्वयंसेवकांनी आजारी बाळाला कुशीत घेतले, काहींनी बाळाला न शिवता फक्त त्याच्या भोवतालच्या वस्तू हाताळल्या, काही नुसतेच अंतर राखून बसले. पहिल्या दोन्ही गटांत लागण झाली. अंतर राखून बसलेल्यांपैकी एकालाही झाली नाही. अर्थ उघड आहे: हा विषाणू हातावरून, खेळण्यावरून, पदराच्या टोकावरून प्रवास करतो. त्यावरचा उपाय साबण आणि पाणी. आणि पाणी म्हटले की कोरडवाहू तालुक्याचा खरा प्रश्न समोर उभा राहतो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे पिण्याचे पाणी जपायचे की पंचवीस मुलांचे हात दिवसातून चार वेळा धुवायचे, हा निर्णय मदतनीस बाईने रोज एका घागरीकडे पाहून घ्यायचा असतो. हात धुण्याची भित्तिपत्रके भिंतीवर असतात, नळ नसतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा घरातला आहे. अंगणवाडीत येऊन बसतात ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुले. तीन वर्षांखालील मुलांसाठी घरपोच आहार दिला जातो. तीन-चार वर्षांचे मूल आरएसव्हीने सहसा मरत नाही, ते आठवडाभर खोकते. पण ते संध्याकाळी घरी जाते, आणि घरात चार महिन्यांचे भावंड झोळीत असते. बाळाच्या श्वासनलिका काडीएवढ्या. थोडी सूज आली तरी श्वास अडतो, पोट उडू लागते, दूध ओढता येत नाही. तान्ह्या मुलाला हा विषाणू घरात कोणाकडून मिळतो याचा शोध केनियातील ग्रामीण कुटुंबांत घेतला गेला, तेव्हा बोट प्रामुख्याने मोठ्या भावंडांकडेच गेले. आपल्याकडे मेळघाटात डॉ. आशीष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांखालील मुलांत या विषाणूचा गावपातळीवर माग काढला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध केला. असा माग गावात राहूनच काढावा लागतो, कारण रुग्णालयाच्या नोंदवहीत जे येतच नाही ते रुग्णालयाच्या आकडेवारीतून कसे कळणार? एकूण, अंगणवाडीतील खोकल्याची किंमत अंगणवाडीत नव्हे, तर झोळीत मोजावी लागते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ लिहिले तेव्हा कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण दिले होते: धूर सोडणाऱ्याला जो खर्च सोसावा लागत नाही तो शेजाऱ्याच्या कपड्यांवर आणि फुप्फुसांवर पडतो. खोकणारे मूल अंगणवाडीत पाठवणारी आई आणि धूर सोडणारा कारखानदार यांच्यात एकच साम्य आहे, ते म्हणजे दोघांच्याही कृतीचा परिणाम दुसऱ्यांवर होतो. भेद मात्र मूलभूत आहे. कारखानदार नफ्यासाठी धूर सोडतो. आई मूल पाठवते ती तिच्यापुढे दुसरा मार्ग नसल्यामुळे. आणि पिगूचे सूत्र येथे उलटे लावावे लागते: या आईवर कर बसवायचा नसतो, तिला घरी राहणे परवडेल इतके देणे द्यायचे असते.

पंचांग आणि विषाणू यांनी या स्त्रीविरुद्ध कट केला आहे की काय, असे वाटावे अशी परिस्थिती आहे. पश्चिम महाराष्ट्रात, पुण्याच्या परिसरातील निरीक्षणांनुसार, इन्फ्लुएन्झाचा मोठा भर पावसाळ्यात असतो. नेमके हेच महिने खुरपणीचे, म्हणजे स्त्रियांच्या मजुरीला वर्षातील सर्वाधिक मागणी असण्याचे. सोयाबीन-उडदाच्या रानात बाई एक दिवस गेली नाही तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, पण टोळीतील जागाही जाण्याचा धोका असतो. त्यानंतर दसरा-दिवाळी येते आणि भूम, परंडा, वाशी, कळंब या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. तेथला करार नवरा-बायकोच्या जोडीचा, म्हणजे ‘कोयत्या’चा; उचल अगोदरच घेतलेली. जोडीतील एक जण थांबला तर खाडा लागतो आणि तो उचलीतून वसूल होतो. थंडीत, पहाटेच्या अंधारात, कोपीत तापाने फणफणलेले मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ओटीत टाकून आई फडात जाते. फडावर ‘सामूहिक बालसंगोपन’ म्हणतात ते हेच. संसर्गशास्त्राच्या भाषेत ही जागा अंगणवाडीहून वाईट, कारण येथे गर्दी आहे, धूर आहे, थंडी आहे, आणि सेविका नाही.

आजारी मुलाला घरी ठेवा, हा सल्ला म्हणून फुकटचा नसतो. स्वीडनने १९७४ मध्ये पालक विमा आणला. मूल आजारी पडले तर आई किंवा वडील घरी राहतात आणि विमा त्यांना पगाराच्या सुमारे ८० टक्के भरपाई देतो. एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत. स्वीडन श्रीमंत आहे, हे खरे. पण आपल्याकडेही हे तत्त्व अमान्य आहे असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा मंजूर केली. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ती २००८ पासून ७३० दिवसांपर्यंत आहे. म्हणजे प्रकल्प कार्यालयातील अधिकारी बाईंचे मूल आजारी पडले तर राज्य त्यांच्या पाठीशी उभे राहते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या देखरेखीखालील अंगणवाडीत मूल ठेवून खुरपायला जाणारी बाई मात्र या राज्याच्या कल्पनेत आईच नाही, केवळ लाभार्थी आहे.

सेविका आणि मदतनीस यांची स्थिती याच्या मधोमध आहे. त्या कर्मचारी आहेत की स्वयंसेविका, हा वाद योजनेइतकाच जुना. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी त्यांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निर्णय दिला. राज्यात २०२३ मध्ये सेविकेचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना बेमुदत संपावर जावे लागले आणि पुढे मानधनात आणखी वाढ झाली. या प्रश्नाचा विषाणूंशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. खोकणाऱ्या तीसेक मुलांत दिवसाचे तास काढणारी बाई स्वतः आजारी पडते. तिने सुटी घेतली तर केंद्र बंद. घेतली नाही तर तीच वाहक. एका खोलीत एकच सेविका आणि एकच मदतनीस असेल, तर आजारी मूल वेगळे बसवायचे तरी कोणाजवळ? ‘आजारी मुलांचे विलगीकरण करावे’ असे परिपत्रक काढणे सोपे आहे; विलगीकरणाला खोली लागते आणि खोलीत एक माणूस लागते.

आणखी एक विसंगती आहे, ती आहाराची. पूरक आहारासाठी एका बालकामागे दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. गरम ताजा आहार केंद्रात येणाऱ्या मुलाला मिळतो. जो आला नाही त्याचे ताट त्या दिवशी गेले. म्हणजे आजारपणात, जेव्हा अन्नाची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच ते हातातून जाते. गरीब आई हे सहज ओळखते, आणि नाक गळत असले तरी मुलाला पाठवते. निदान एक वेळ पोट भरेल. हजेरीवर आहार आणि आहारावर हजेरी अशी ही साखळी संसर्गाला पोषक ठरते, मुलाला नव्हे. ही तोडणे अशक्य आहे काय? करोनाकाळात केंद्रे बंद होती तेव्हा याच सेविकांनी शिधा घरोघर पोहोचवला होता. जे दोन वर्षे संपूर्ण गावासाठी जमले ते एका आजारी मुलासाठी आठवडाभर जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. मदतनिसाने डबा नेऊन द्यावा, हजेरीपटावर ‘आजारी, आहार घरी’ असा रकाना असावा. याला फार तर एक शासन निर्णय लागेल.

हे सारे आता निकडीचे झाले आहे त्याचे कारण ‘पाळणा’ योजना. राष्ट्रीय पाळणाघर योजना २०१७ नंतर खर्चाच्या नव्या वाटणीत सापडून रोडावत गेली. मग २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ हे नवे नाव आले, आणि देशभर १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याचे लक्ष्य ठरले. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, दिवसाचे साडेसात तास. मजूर स्त्रीच्या दृष्टीने ही योजना किती मोलाची आहे हे सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळातील कामांपासून, वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कामांवर पाळणाघर असावे अशी मागणी होत आली आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळण्यासाठी एक स्त्री नेमावी अशी तरतूद होती. ती किती कामांवर पाळली गेली हे रोहयोवर राबलेल्या कोणत्याही बाईला विचारावे. तेव्हा पाळणाघरांचे स्वागतच आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट घडणार आहे जी आजवर अंगणवाडीत घडत नव्हती: सात महिन्यांचे बाळ आणि चार वर्षांचे मूल एकाच खोलीत दिवसभर असणार. झोळीपर्यंत पोहोचायला जो विषाणू संध्याकाळची वाट पाहत होता त्याला आता ती वाट पाहावी लागणार नाही.

म्हणून पाळणाघर जोडताना बाळांची खोली वेगळी, निदान ओसरी किंवा पडवी वेगळी, आणि त्यांच्याजवळ वेगळी बाई, ही पहिली अट असली पाहिजे. समोरासमोर दोन खिडक्या, पुढे पत्र्याचा का होईना मांडव, जेणेकरून पावसातही मुले बाहेर बसू शकतील; पाण्याची टाकी आणि मुलाच्या उंचीचा नळ. एखाद्या गावच्या वेशीवरील कमानीला किती खर्च येतो हे ग्रामपंचायतींना ठाऊक आहे. त्याहून हा खर्च फार मोठा नाही.

दुसरी गोष्ट ओळखण्याची. खोकल्यांच्या शंभरांतून धोक्याचे पाच कोणते हे कळणे, यातच सारे कौशल्य आहे, आणि ते डॉक्टरच्याच हाती असते असे नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८८-८९ मध्ये हे सिद्ध करून दाखवले. अल्पशिक्षित आरोग्यदूत आणि सुईणी यांना त्यांनी श्वास मोजायला शिकवले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन केले. न्यूमोनिया ओळखून तेथेच औषध देण्याच्या या कार्यक्रमामुळे त्या गावांतील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी राहिले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६०, वर्षाखालील बाळाचा ५०, पाच वर्षांखालील मुलाचा ४० किंवा त्याहून अधिक असेल तर तो धोका: हे तीन आकडे भूम तालुक्यातील प्रत्येक सेविकेला, आशेला आणि खरे म्हणजे प्रत्येक आजीला पाठ असायला काय हरकत आहे? आकड्यांबरोबर खूण एकच: श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल तर थांबायचे नाही, ग्रामीण रुग्णालय गाठायचे. ज्या वाडीवरून एसटी दिवसाला दोनदाच जाते तेथे ‘गाठायचे’ या क्रियापदाचा खर्चही कोणीतरी उचलावा लागेल.

ओळख नसली की तिची जागा बाटली घेते. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, आणि लहान मुलाच्या साध्या सर्दीला खोकल्याचे औषध लागत नाही, हे वैद्यकशास्त्र केव्हापासून सांगत आहे. तरीही तालुक्याच्या गावी सुई, सलाईन आणि रंगीत औषध घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरणे म्हणजे पैसे वाया गेले असे समजतात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन गेली; त्यांतील अनेकांना नागपूरला उपचारासाठी आणले होते. ज्या सर्दीने बहुधा काहीच झाले नसते तिच्यावरच्या औषधाने ही मुले नेली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत असे पुन्हा बजावले. पण बजावणी आईपर्यंत पोहोचवणारे माणूस गावात एकच आहे, आणि ते अंगणवाडीच्या दारात उभे असते.

लसींची बाजू थोडी आशादायक आहे. न्यूमोकोकल लस जुलै २०२१ पासून महाराष्ट्रात मोफत मिळू लागली. विषाणूच्या मागोमाग येणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियाला ती बऱ्याच अंशी आवर घालते. आरएसव्हीसाठी गरोदर स्त्रीला द्यावयाची लस आणि बाळाला द्यावयाचे प्रतिपिंडाचे इंजेक्शन ही दोन्ही आता जगात उपलब्ध आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये त्यांची शिफारस केली आहे. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ती यायला वेळ लागेल. किमती पाहता तो थोडा नसेल.

तोपर्यंत प्रश्न खाड्याचाच राहतो. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ आहे, गाळप होणाऱ्या उसावर त्यासाठी निधी आकारण्याचे धोरण आहे. या निधीतून आजारी मुलासाठी कोयत्याचे काही दिवसांचे खाडे भरून देण्याची तरतूद करता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्राचा दाखला पुरे. खुरपणीच्या बाईसाठी ती तरतूद रोजगार हमीच्या निधीतून व्हावी. यात लबाडी होईल, खोटे दाखले निघतील, असा आक्षेप येणारच. काही निघतीलही. परंतु ज्या तिजोरीतून कारखान्यांची कर्जे थकहमीने वाहून गेली त्या तिजोरीने आईच्या चार दिवसांच्या दाखल्यावर एकाएकी काटेकोर व्हावे, हे हास्यास्पद आहे.

यंदाही दसऱ्यानंतर भूमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर लागतील, वर भांडी, पेंढ्या, कोंबड्या आणि मुले चढतील. सेविका पटावर त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहील. त्याच दिवशी त्यांच्या लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर वजनाची, मागच्या पावसाळ्यातील आजारांची आणि झोळीतल्या बाळाच्या जन्मतारखेची एक चिठ्ठी मुकादमाच्या हाती नव्हे, तर त्या कारखान्याच्या हद्दीतील अंगणवाडीकडे फोनवरून गेली, तर जानेवारीच्या थंडीत त्या कोपीचे दार कोणीतरी एकदा ठोठावील.